बत्तीस फॅरडचा कंडेन्सर

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. अमडापूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी सातवीपर्यंतच्या शाळेत मराठी शिकवत होतो. गावात वीज येऊन वर्षही झाले नव्हते. विजेच्या पाठोपाठ ग्रामपंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळाला. लाकडी पेटीचा, समोर पिवळट कापडाची जाळी असलेला. तो पंचायतीच्या खोलीत टेबलावर ठेवायचा आणि रोज संध्याकाळी तासभर सगळ्यांसाठी लावायचा, असा ठरावच झाला होता.

पावसाळा संपता संपता तो बिघडला. सरळ बंद पडला असता तर पुढचे काही घडलेच नसते. तो गुणगुणायला लागला. बटण फिरवले की 'ऊंऽऽऽ' असा एकच जाड, संथ सूर यायचा. स्टेशन कोणतेही लावा, सूर तोच. पहिले दोन दिवस लोक हसले. तिसऱ्या दिवशी देवळात बसणारे एक आजोबा म्हणाले, "हसता कायले? हा ओंकार हाय. नीट आयका."

लोकांनी नीट ऐकले. त्यानंतर आठ-दहा म्हातारी माणसे रोज ठरलेल्या वेळी येऊन मांडी घालून, डोळे मिटून तो सूर तासभर ऐकत. बटण बंद झाले की नमस्कार करून घरी जात. एकाने तर आपली कंबरदुखी कमी झाल्याचे सांगितले.

सरपंचांना मात्र हे पटेना. ते मोठे शेतकरी, अंगाने दणकट, आणि गावात काहीतरी नवे आणल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. "देऊळ हाय ना गावात," ते म्हणायचे. "सरकारनं ओंकारासाठी रेडिओ नाई देल्ला."

तेवढ्यात परिपत्रक आले. रेडिओची निगा राखायला शिकण्यासाठी गावातला एक शिकलेला माणूस दहा दिवस बुलढाण्याला पाठवावा. शाळेतले विज्ञानाचे मास्तर सायकलवरून पडून पाय मोडून घेऊन बसले होते. सरपंच माझ्याकडे आले.

"गुरुजी, तुमी जा."

"अहो, मी मराठी शिकवतो."

"मंग? रेडिओ मराठीच तं बोलते."

 मी वळकटी बांधली आणि चिखलीवरून एसटीने बुलढाण्याला गेलो.

तिथे आम्ही अठरा जण होतो. शिकवणारे गृहस्थ बुटके, भर दुपारी मफलर गुंडाळून बसणारे. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "व्होल्ट म्हणजे ढकलणारा जोर. अँपिअर म्हणजे वाहणारा प्रवाह. आणि ओहम म्हणजे अडवणूक. जोर तोच ठेवून अडवणूक दुप्पट केली की प्रवाह निम्मा. एवढे कळले की अर्धी विद्या आली."

मी घाईघाईत वहीत लिहिले, 'ओम म्हणजे अडवणूक'. संध्याकाळी ते वाचून देवळातल्या आजोबांची आठवण झाली आणि मनातल्या मनात कानाला हात लावला. मग मध्ये 'ह' घातला.

दुसऱ्या दिवसापासून मीटर हातात मिळाला. काळी पेटी, काचेखाली सुई आणि लाल-काळ्या दोन तारा. सरांचे नियम पक्के होते. किती व्होल्ट असतील हे माहीत नसेल तर आधी सर्वांत मोठी पट्टी लावायची, मग एकेक खाली यायचे. "अनोळखी विहिरीत आधी लांब दोर सोडावा," ते म्हणत. सुई नाकासमोर धरून वाचायची, तिरके बघितले की आकडा सरकतो. आणि ओहम मोजताना वीज आधी बंद करायची. एकाने चालू रेडिओवर ओहम मोजले, तेव्हा सुई टक्कन वाकली. मफलरवाल्या सरांनी त्या माणसाकडे घरातले भांडे फोडल्यासारखे बघितले.

पण मला खरी भुरळ पाडली ती आकडे लिहिण्याच्या पद्धतीने. पाचव्या दिवशी सरांनी कंडेन्सर दाखवला. अंगठ्याएवढी पत्र्याची नळी. वीज थोडा वेळ साठवून ठेवते आणि सारखी करून पुढे देते. तिचे माप फॅरडमध्ये.

"हिच्यात किती फॅरड?" मी विचारले.

"शून्य, टिंब, मग पाच शून्ये, मग आठ," ते म्हणाले. "एक अख्खा फॅरड करायचा तर दोन बैलगाड्या भरतील एवढ्या नळ्या लागतील. म्हणून आपण मायक्रो म्हणतो, म्हणजे दहा लाखावा भाग. आठ मायक्रोफॅरड. किंवा असे लिहा." त्यांनी फळ्यावर आठ गुणिले दहा लिहिले आणि त्या दहाच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरात उणे सहा काढले. "शून्ये मोजणारा माणूस कधीतरी चुकतोच. हा वरचा आकडा मोजण्याचे काम आपल्यासाठी करतो."

मी आयुष्यभर काना, मात्रा, वेलांटी तपासणारा माणूस. डोक्यावरच्या बारीक खुणेने अख्ख्या आकड्याचा अर्थ बदलतो, हे मला फार आपले वाटले. त्या दिवसापासून मी सगळे तसेच लिहू लागलो. खानावळीतल्या भाकरीची जाडी, बुलढाण्यापासून घरचे अंतर, खोलीतले ढेकूण. खोलीतल्या सोबत्याने दुसरी खोली मागून घेतली.

दहा दिवसांनी मी सरकारने दिलेला मीटर घेऊन गावी परतलो. पंचायतीसमोर शंभरेक माणसे जमली होती. मी रेडिओची वीज बंद केली, मागचा पुठ्ठा काढला आणि म्हणालो, "आता आपण ओहम मोजू."

गर्दीतून आजोबांचा आवाज आला, "पाह्यलं? म्या काय म्हनत होतो?"

मी समजावू लागलो की हा ओम वेगळा, हा अडवणुकीचा. प्रत्येक वस्तू विजेला कमी-जास्त अडवते. माणूससुद्धा. हे शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते.

"माणसाचंही मोजता येते?" सरपंचांनी विचारले.

येत होते. मीटरमध्ये लहानशी बॅटरी असते, दोन तारांची टोके दोन हातांत धरली की सुई हलते, धोका काही नसतो. सरपंचांनी टोके धरली. सुई एक लाख ओहमवर थांबली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माजी सरपंच पुढे आले. त्यांचे हात कोरडे, भेगाळलेले. अडीच लाख.

 सरपंच म्हणाले, "मीटर बराबर नाई."

"मीटर बरोबर आहे," मी म्हणालो. "हात कोरडे असले की ओहम वाढतात."

"मंग माह्ये हात धुऊन, पुसून, वाळवून मोजा."

ते घरी जाऊन, हाताला राख चोळून परत आले. चार लाख. माजी सरपंचांनी मीटर हिसकून घेतला आणि हात उन्हात धरून बसले. तासाभरात अर्ध्या गावाची रांग लागली. मी वहीत नाव आणि त्यापुढे चार गुणिले दहा, डोक्यावर पाच, असे लिहीत गेलो. दोन भावांत वाद झाला, थोरल्याचे ओहम धाकट्यापेक्षा कमी कसे. शेवटी पंचायतीच्या मेंबरीणबाई आल्या. बायकांच्या जागेवर निवडून आलेल्या, पन्नाशीच्या, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून घर चालवणाऱ्या. त्या भांडी घासून तशाच आल्या होत्या. त्यांनी टोके धरली आणि सुई झपकन आठ हजारांपर्यंत गेली.

लोक हसले. बाईंनी मला विचारले, "गुरुजी, जास्त असनं चांगलं का कमी?"

"चांगले-वाईट काही नाही, बाई. हात ओले असले की वीज सहज जाते."

"म्हंजे ज्याचं काम चालू हाय त्याचं कमी भरते," त्या म्हणाल्या आणि हात पदराला पुसत निघून गेल्या. रांग तिथेच मोडली.

मग मला रेडिओकडे बघायला सवड मिळाली. वीज सारखी करणाऱ्या कंडेन्सरला मीटर लावला. चांगल्या कंडेन्सरला तारा टेकवल्या की सुई एकदम उसळते आणि हळूहळू मागे येते. इथे ती हललीच नाही. कंडेन्सर वाळून गेला होता, म्हणून ती गुणगुण. निदान बरोबर निघाले याचा मला एवढा आनंद झाला की ग्रामसेवकाला मागणीचा अर्ज मी स्वतःच लिहून दिला. साधे 'आठ मायक्रोफॅरड' लिहिले असते तर काम झाले असते. मी लिहिले, आठ गुणिले दहा, डोक्यावर उणे सहा, फॅरड.

ग्रामसेवक साधा, कामसू माणूस. त्याने अर्ज तालुक्याला नेऊन टाइप करून घेतला. टाइपरायटरवर आकड्याच्या डोक्यावर आकडा बसत नाही. टाइप करणाऱ्याने तो शेजारी बसवला: ८ × १०-६ फॅरड.

तीन आठवड्यांनी जिल्ह्याच्या एका कार्यालयाचे उत्तर आले. मी तेव्हा सहामाहीचे पेपर तपासत होतो, मला कोणी दाखवले नाही. नंतर ते मी इतक्या वेळा वाचले की अजून पाठ आहे. लिहिले होते: सदर मागणीत आधी गुणाकार करावा की वजाबाकी, याबाबत मतभेद झाला. आधी गुणाकार केल्यास चौऱ्याहत्तर व आधी वजाबाकी केल्यास बत्तीस फॅरड होतात. काटकसरीच्या दृष्टीने बत्तीस ग्राह्य धरण्यात येत आहेत. एवढ्या क्षमतेच्या कंडेन्सरला वीस फूट लांब, वीस फूट रुंद व अकरा फूट उंच जागा लागेल. तरी ग्रामपंचायतीने वीस बाय वीसचा पक्का ओटा बांधून जागेचा दाखला पाठवावा.

तो हिशेब ज्याने कोणी केला असेल, त्या माणसाला मी मनोमन नमस्कार करतो. मी नंतर ताळा घेतला. बत्तीस फॅरडला तसल्या चाळीस लाख नळ्या लागतात आणि त्या रचल्या तर बरोबर तेवढीच खोली भरते. त्याची एकही आकडेमोड चुकली नव्हती.

मला कळले तोवर ठराव झाला होता. कोंडवाड्याशेजारची जागा साफ झाली होती, श्रमदानाची दवंडी पिटली गेली होती आणि सरपंच दगडांच्या गाडीवर उभे राहून हात हलवत होते.

"गुरुजी, तुमी नशीब काढलं गावाचं!" ते ओरडले. "बत्तीस! तालुक्यात कोनाले एक नाई भेटला!"

मी पत्र वाचले.  तिथल्या तिथे सांगायला हवे होते. पण समोर साठ-सत्तर माणसे घमेली घेऊन उभी होती, माझी शाळेतली पोरे दगड वाहत होती, आणि चूक त्या टाइपरायटरची असली तरी हौस माझी होती. मी म्हणालो, "बरं झालं," आणि घरी येऊन पडलो. बायकोने विचारले, डोके दुखते का. मी हो म्हणालो.

पंधरा दिवस मी तसाच हिंडलो. गवंडी ओट्याचे माप विचारून गेला, त्यालाही उत्तर दिले. रविवारी नाल्यापलीकडच्या गावचे पाच जण पागोटी बांधून सरपंचांकडे आले. त्यांचे म्हणणे, दोन्ही गावे भावाभावांसारखी, तर बत्तीसपैकी सोळा फॅरड त्यांना मिळावेत. सरपंचांनी चहा पाजला आणि सांगितले की फॅरड फोडता येत नाहीत. मी बाजूलाच बसलो होतो. "काहो गुरुजी, येतात का फोडता?" त्यांच्यातल्या एकाने मला विचारले. मी मान हलवली, ती हो होती की नाही हे मलाही माहीत नव्हते.

मेंबरीणबाई मला दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर भेटल्या. त्यांच्या हातात तो मेलेला कंडेन्सर होता. पंचायतीच्या टेबलावरून उचलून आणला होता.

"गुरुजी, हे काय हाय?"

"रेडिओतला कंडेन्सर. जुना."

"हा मेलेला एवढासा. मंग नवा कोंडवाड्याएवढा काऊन? तो रेडिओत घालान कसा?"

मी इकडेतिकडे बघितले. रस्त्यावर कोणी नव्हते. मी खाली बसलो आणि काडीने धुळीत आठ गुणिले दहा काढले, दहाच्या डोक्यावर उणे सहा. मग त्याच्याखाली तोच आकडा, पण उणे सहा शेजारी. बाईंना वाचता फारसे येत नव्हते, पण दोन ओळींतला फरक त्यांना दिसला.

"वरचं खाली आलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"एवढ्यानं झालं?"

"एवढ्यानंच."

त्यांनी वाकून दोन्ही ओळींवरून बोट फिरवले. "हे तं कुंकवासारखं झालं गुरुजी. कपायावर असन तं सवाष्ण, गालावर आलं का सोंग." मग हसू आवरून म्हणाल्या, "तुमी नाई सांगितलं काऊन?"

"भीती वाटली."

त्यांनी मान डोलावली, जणू एवढे कारण पुरेसे होते. त्या आठवड्यात त्यांना बहिणीकडे खामगावला जायचे होते. कंडेन्सर पदराच्या गाठीत बांधून त्या गेल्या, रेडिओच्या दुकानात तो फळीवर ठेवला आणि म्हणाल्या, "अस्साच द्या." दुकानदाराने नळीवरचे अक्षर वाचून तसाच दिला. फॅरड, दहा, उणे सहा, यातला एक शब्दही कोणी उच्चारला नाही.

पुढच्या मंगळवारी दुपारी मी तो डाख लावून बसवला. बटण फिरवले. आधी काहीच नाही, कारण रेडिओतले काचेचे दिवे तापायला वेळ लागतो. मग एका बाईचा स्वच्छ आवाज आला. लसणाची लागवड कशी करावी, हे ती सांगत होती. खोलीत चार-पाचच माणसे होती, ती उठून उभी राहिली. संध्याकाळी ओंकाराची मंडळी आली, त्यांनी लसूण ऐकला आणि आजोबा मला म्हणाले, "बिघडवला तुमी." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. मला वाईट वाटले, आणि अजूनही वाटते.

आता रेडिओ चालू लागल्यावर ओट्याचे काम थांबेल, असे मला वाटले होते. सरपंच म्हणाले, "रेडिओ झाला, बरं झालं. कंडेन्सर तं येऊ द्या." ओटा पुरा झाला, चुन्याने रंगवला, चारी कोपऱ्यांवर आंब्याचे डहाळे बांधले, आणि एके सकाळी जीपमधून ओव्हरसियर साहेब तपासणीला उतरले.

या खेपेला मी ठरवूनच गेलो होतो. सगळ्यांच्या देखत पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, एक निवेदन आहे. हा कंडेन्सर अंगठ्याएवढा असायला हवा होता. अर्जात वरचा आकडा खाली आला. चूक माझी आहे."

 सरपंचांचे तोंड उघडेच राहिले. साहेबांनी चष्मा पुसला, फाइल उघडली, पत्र वाचले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी जागा मोजायला आलोय. कंडेन्सर मोजायला नाही."

मग त्यांनी टेप काढला. एक टोक शिपायाने धरले. लांबी मोजली, परत मोजली. रुंदी मोजली. टेपवर नाक टेकवून बघितले, अगदी सरळ, मफलरवाल्या सरांना आवडेल असे. उभे राहून म्हणाले, "एकोणीस फूट आठ इंच. दोन्हीकडून. चार इंच कमी."

सरपंच गवंड्याकडे वळले. गवंडी हात जोडून म्हणाला, "मालक, माह्याजवळ नवा टेप हाय, मीटरचा. वीस फूट म्हंजे किती मीटर, हे म्या गुरुजीले इचारलं व्हतं. गुरुजी म्हनले सहा."

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरेच म्हणालो होतो. त्या पंधरवड्यात माझे चित्त ठिकाणावर नव्हते. सहा मीटर म्हणजे जवळजवळ वीस फूट, पण जवळजवळच.

साहेबांनी तिथेच, जीपच्या टपावर कागद ठेवून शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. "जागा अपुरी. सबब कंडेन्सर मंजूर करता येत नाही." खाली सही केली, चहा घेतला आणि धुळीत दिसेनासे झाले.

मला वाटले, आता सरपंच माझी गचांडी धरतील. ते ओट्याच्या कडेला बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसलो. ते हळूच म्हणाले, "अंगठ्याएवढा?"

"अंगठ्याएवढा."

"अन् आला असता तं? तो बत्तीसवाला?"

"आला असता तर काय झाले असते, मला नाही सांगता येत."

त्यांनी मान हलवली. "मंग चार इंच बरे कमी भरले, गुरुजी. पन हे कोनाजवळ बोलू नका." आणि त्यांनी नाल्यापलीकडच्या गावाकडे हात केला.

ओट्यावर मिरच्या वाळू लागल्या. पुढे पोळ्याला बैल तिथे उभे राहू लागले, शाळेचे स्नेहसंमेलनही त्यावर होऊ लागले. आणखी तीन वर्षांनी माझी बदली धाड गावी झाली. निरोपाचा कार्यक्रमही तिथेच ठेवला. मेंबरीणबाईंनी मला नारळ दिला. सरपंच बोलायला उठले. गावासाठी गुरुजींनी काय काय केले हे त्यांनी सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "या मानसानं आपल्या गावासाठी बत्तीस फॅरड मंजूर करून आनले होते. चार इंचांनी गेले."

टाळ्या वाजल्या. मी बाईंकडे बघितले. त्या पदर तोंडाशी धरून खाली बघत होत्या. मी उठून सगळ्यांना नमस्कार केला आणि एसटी गाठायला निघालो.